शाळेची आपत्ती योजना शाळेतच लिहिली जावी : शालेय शिक्षण विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि सर्व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांचे मा. अध्यक्ष

विषय : शाळांचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि मुख्याध्यापकांचे अधिकार

महोदय, महोदया,

कृष्णाकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात कार्यभार सोपवण्यासाठी कपाटातल्या फायलींची यादी करत असताना ‘शाळा आपत्ती व्यवस्थापन आराखडा’ असे शीर्षक असलेली एक निळी फाईल हाती आली आणि त्या दिवशी मी ती पहिल्यांदा सलग वाचली. चोवीस पानांच्या त्या आराखड्याच्या सातव्या पानावर समुद्राला उधाण आले असता विद्यार्थ्यांना किनाऱ्यापासून कसे दूर न्यावे याच्या सूचना होत्या. आमच्या गावापासून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. संपर्काच्या तक्त्यात ज्या तलाठ्यांचा क्रमांक होता ते दोन बदल्यांपूर्वीच तालुका सोडून गेले होते, आणि आमच्या गावात जो पूर खरोखर येतो त्याच्या वाट्याला जेमतेम दीड परिच्छेद आला होता. कोकणातल्या कुठल्याशा शाळेचा तो आराखडा कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आमच्यापर्यंत पोहोचला, आम्ही त्यावरचे शाळेचे नाव आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा शासकीय ओळख क्रमांक, बदलला, छापला आणि फाईलला लावला. शेवटच्या पानावर सही माझीच होती. ही कबुली आधी देतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते मी कोणाकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही.

असे का होते हे मात्र आपण समजून घ्यायला हवे. दरवर्षी यू-डायससाठी, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या शासकीय प्रणालीसाठी, भरायच्या माहितीत आम्हांला विचारले जाते की शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार आहे का, इमारतीची सुरक्षा तपासणी झाली आहे का, अग्निशामक साधने आहेत का, शाळेच्या सुरक्षेसाठी शिक्षक नेमला आहे का. उत्तरे होय किंवा नाही. आराखड्यात काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले, आणि शाळेतल्या किती जणांनी ते वाचले आहे, हे विचारणारा रकाना नाही. ज्या मुख्याध्यापकाला त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची देयके, आधार जुळणी आणि संचमान्यतेची, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्येची, माहिती भरायची असते, तो या रकान्यासाठी जी फाईल मिळेल ती लावतो. त्याने मुद्दाम खोटे लिहिलेले नसते, कारण आराखडा खरोखरच आहे. फक्त तो त्या शाळेचा नाही.

माझे आपल्याकडे मागणे दोनच गोष्टींचे आहे. प्रत्येक शाळेचा आराखडा त्या शाळेच्या आवारात फिरून, तिथल्या माणसांच्या नावांनिशी, तिथल्याच लोकांनी लिहावा, आणि आपत्तीच्या वेळी मुलांना सोडायचे की थांबवायचे हे ठरवण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला आधीच, लेखी स्वरूपात मिळावा.

आराखड्यातल्या शब्दांचा मोघमपणा किती महाग पडू शकतो हे जपानने पाहिले आहे. सरावात आणि शिस्तीत त्यांच्याशी बरोबरी करणारे देश थोडे, आणि तरीही ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकी शहराच्या हद्दीतील ओकावा प्राथमिक शाळेच्या १०८ विद्यार्थ्यांपैकी ७४ जण आणि १० शिक्षक-कर्मचारी मृत किंवा बेपत्ता झाले. ही शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी होती. भूकंप थांबल्यावर शाळेतली मुले रीतसर मैदानावर आली, आणि पुढे कुठे जायचे याचा निर्णय होईपर्यंत जवळजवळ पन्नास मिनिटे तिथेच थांबली. डोंगर शाळेच्या मागेच होता. आराखड्यात मैदानाच्या पुढचे ठिकाण म्हणून जवळची मोकळी जागा किंवा बाग असे काहीसे लिहिलेले होते. कोणती जागा, कोणत्या वाटेने, कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यात नव्हते. मुलांच्या पालकांनी दाद मागितली, आणि २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने संकटापूर्वी आराखडा नीट न करणे, तो न तपासणे, हीच शाळेची आणि शिक्षण मंडळाची चूक असल्याचे ठरवले. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्या दिवशी मैदानावर शिक्षक गोंधळले यापेक्षा, त्यांना गोंधळात टाकणारा कागद वरच्या कार्यालयाने न तपासता स्वीकारला होता, यावर न्यायालयाने जो भर दिला तो आपण विशेष लक्षात घ्यावा अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडेही न्यायालयाने बोलायचे बाकी ठेवलेले नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे असे सांगितले आणि अग्निशामक साधने, शिक्षकांचे प्रशिक्षण, बांधकामाचे निकष याबाबत निर्देश दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ ची आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. म्हणजे नियमांची वाण नाही. तरीही २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली, आणि त्यानंतर काही दिवस आपल्याकडेही धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या मागवण्याची जी धावपळ झाली, तशी ती दर दुर्घटनेनंतर होते हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

नियम शाळेच्या फाटकापाशी येऊन कसे थबकतात याचे एक चित्र मी जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेत वर्षातून एकदा रंगीत तालीम होत असे. तारीख आधी ठरलेली, मुलांना सकाळच्या परिपाठातच सांगितलेले, घंटा वाजली की रांगेने मैदानावर यायचे आणि शिक्षकांनी छायाचित्र काढून केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. एका वर्षी सारी शाळा चार मिनिटांत मैदानावर आली म्हणून मी ध्वनिक्षेपकावरून सर्वांचे कौतुक करत असताना आठवीच्या वर्गशिक्षिका धावत माझ्याकडे आल्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी, जिच्या दोन्ही पायांना कॅलिपर होते, वरच्या मजल्यावर वर्गातच बसून राहिली होती. तिला कोणी खाली आणायचे हे कुठे लिहिलेले नव्हते. प्रत्येकाला वाटले की दुसरे कोणीतरी आणेल, आणि ती स्वतः म्हणाली की तालीम आहे हे माहीत होते म्हणून तिने कोणाला हाक मारली नाही. त्याच तालमीत मागच्या जिन्याच्या जाळीच्या दरवाज्याला कुलूप होते आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात होती, तर मामा चलन भरायला बँकेत गेले होते. छायाचित्र मात्र गटावर गेले होते आणि त्याला अंगठेही मिळाले होते.

त्या संध्याकाळी आम्ही एका साध्या कागदावर नावे लिहिली. त्या मुलीला आणण्यासाठी दहावीतले दोन मुलगे आणि एक शिक्षक, त्यांतला कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी कोण, जाळीच्या दरवाज्याची दुसरी किल्ली कुठल्या खिळ्याला, हजेरीपट मैदानावर कोणी न्यायचा. मधल्या सुट्टीनंतर कोण कुठे असते हेही लिहावे लागले, कारण संकट तासिका पाहून येत नाही. पुढच्या वर्षी तिचा वर्ग आम्ही तळमजल्यावर आणला, जे खरे तर पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. माझ्या दृष्टीने आमच्या शाळेचा खरा आराखडा तो एक कागद होता, आणि चोवीस पानी फाईलमध्ये त्यातले एक अक्षरही नव्हते.

छापील आराखडे शाळा न पाहता लिहिलेले असतात याच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. भूकंपाच्या सूचनांमध्ये विद्यार्थ्यांनी बाकाखाली आसरा घ्यावा असे असते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिली-दुसरीची मुले बसकरपट्टीवर बसतात, त्यांनी कशाखाली जावे? धोक्याची घंटा विजेवर वाजते, आणि पुरात महावितरणला सर्वांत आधी वीजच बंद करावी लागते. आमच्या शाळेत पूर्वी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि त्याचा आवाज मळ्यापर्यंत जाई; विजेची घंटा आली तेव्हा तो काढून अडगळीच्या खोलीत टाकला गेला, तोही माझ्याच काळात. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लटकणारे लाल नळकांडे बहुतेक शाळांत असते, पण त्याची पिन ओढून पाहिलेले शिक्षक किती असतील, याचे उत्तर मी देऊ इच्छित नाही. शिवाय ते असते कार्यालयाबाहेर, आणि गॅसची शेगडी असते इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे खिचडी शिजवणाऱ्या ताई एकट्या असतात आणि ज्यांना कुठल्याही प्रशिक्षणाला कधी बोलावले जात नाही.

भूकंपाबाबत आपण महाराष्ट्रात नशिबावर जगत आलो आहोत, हे थोडे कठोर वाटले तरी लिहितो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. दोन्ही वेळी शाळा रिकाम्या होत्या. गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ रोजी तो सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला, आणि अंजार शहरात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीसाठी अरुंद गल्लीतून निघालेली १८५ मुले आणि २० शिक्षक दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडले गेले. आमच्याही प्रभातफेऱ्या गावठाणातल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींना लागून जातात. फेरीचा मार्ग बदलायला पैसा लागत नाही, पण शाळेच्या आराखड्यात शाळेबाहेरच्या कार्यक्रमांचा विचार केलेला मी अजून पाहिलेला नाही, मग तो प्रभातफेरीचा असो, क्रीडास्पर्धेचा असो की सहलीचा.

आता ज्या संकटाशी आमचे नित्याचे नाते आहे त्या पुराकडे येतो, आणि इथे थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी मागतो. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. पंचगंगेसाठी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ आणि ४३ फूट हे आकडे पाहतात. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग चालू आहे हे आमच्याकडे पाचवीतले पोरही सांगते. हे सगळे आकडे उपयोगाचे आहेत आणि सुट्टीचे आदेशही त्यांच्याच आधारे निघतात, पण शाळेच्या दृष्टीने पूर या आकड्यांच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. नदी फुगली की तिचे पाणी ओढ्यातून मागे सरकते, मळीची राने भरतात आणि ओढ्यावरचा ठेंगणा पूल पाण्याखाली जातो. गाव कोरडे असते, शाळा कोरडी असते, आयर्विन पुलावरची पातळी अजून इशाऱ्याच्या खाली असते, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून आलेली मुले मात्र तुटलेली असतात.

एका पावसाळ्यात सकाळी साडेअकराच्या सुमारास वस्तीवरचा एक पालक शाळेत आला आणि म्हणाला, “सर, पुलाच्या कठड्याला पाणी लागाय आलंय, पोरं आत्ताच सोडा.” मी वरच्या कार्यालयात दूरध्वनी केला. तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की सुट्टीबाबत अद्याप आदेश नाहीत, आदेश येईपर्यंत शाळा सोडू नये. त्यांचेही चूक नव्हते. त्यांना अधिकार नव्हता आणि मलाही नव्हता. आदेश अडीच वाजता आला. तोपर्यंत पूल दिसेनासा झाला होता. वस्तीवरची तेवीस मुले त्या रात्री गावातल्या घरांतून झोपली, कोणी मावशीकडे, कोणी मित्राकडे, चार जण माझ्या घरी. कोणालाही इजा झाली नाही. पण एका मुलीला तिचा चुलता दुपारीच घेऊन गेल्याचे कोणी लिहून ठेवले नव्हते, आणि तिची आई ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून रात्री आठपर्यंत तिच्या नावाने हाका मारत होती. तो आवाज ऐकल्यानंतर मूल कोणाच्या हाती दिले याची सही घेणारी वही मी शाळेत ठेवली. मोबाईलवरची हजेरी अशा वेळी कामाला येत नाही, कारण टॉवर बंद पडलेला असतो.

मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या आम्हांला आजही असतात, आणि त्या गावच्या जत्रेला किंवा उरसाला खर्च होतात हे आपण जाणता. ज्या मुख्याध्यापकावर जत्रेसाठी शाळा बंद ठेवण्याइतका विश्वास टाकला जातो, त्याच्यावर ओढ्याचे पाणी पाहून ती बंद करण्याइतका विश्वास टाकायला हरकत नसावी. यात धोका आहे हे मला मान्य आहे. कोणी उगाच घाबरून शाळा सोडेल, कोणी पावसाचे निमित्त करेल, आणि सोडलेले मूलच वाटेत अडचणीत येईल अशीही शक्यता असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतली कितीतरी मुले रात्रभर शाळेतच थांबली, आणि अनेक ठिकाणी तेच शहाणपणाचे होते. म्हणूनच अधिकाराबरोबर खूण हवी. आमच्या ओढ्याच्या पुलाच्या खांबावर पांढरा पट्टा रंगवून, पाणी पट्ट्याला लागले की वस्तीवरची मुले सोडायची आणि पट्टा बुडाला की एकालाही सोडायचे नाही, असे आधीच ठरवता येते. असा पट्टा कुठे रंगवायचा हे मंत्रालयातून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून सांगता येणार नाही. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते. डोंगराकडच्या शाळेला पट्ट्याऐवजी दरडीची भेग पाहावी लागेल, विदर्भातल्या शाळेला विजा आणि उन्हाची वेळ, रस्त्यावरच्या शाळेला टँकर उलटण्याची शक्यता. खुणा निराळ्या असतील, पण प्रत्येक शाळेची एक तरी असेल.

हा निर्णय घेणाऱ्याला नंतर नोटीस येणार नाही, एवढी हमी आपल्याकडून हवी आहे. त्याने वेळ, कारण आणि सोडलेल्या मुलांची यादी लिहून ठेवावी, एक तासाच्या आत जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे, आणि तेवढे केल्यावर त्याची चौकशी त्याच्या हेतूवर संशय घेऊन होऊ नये. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले मुख्याध्यापक पाण्यापेक्षा खुलाशाला अधिक घाबरतात.

आराखडा कोणी लिहायचा याची व्यवस्था कायद्यात आधीच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणे हे समितीचेच काम आहे. ज्या खासगी शाळांना ही तरतूद लागू नाही त्यांच्याकडे पालक-शिक्षक संघ आहे. मे महिन्याच्या अखेरीस या समितीने, खिचडीच्या ताई, शिपाई, व्हॅनचे चालक आणि दोन-चार मोठ्या मुलांना बरोबर घेऊन एक सकाळ शाळेभोवती फिरावे, आणि जे दिसेल ते चार पानांत लिहावे. चारपेक्षा जास्त पाने असलेला आराखडा कोणी वाचत नाही असा माझा अनुभव आहे. केंद्रप्रमुखांनी तो तपासताना फाईल न मागता शाळेतल्या कोणत्याही एका मुलाला विचारावे की घंटा वाजली तर तू कुठे जाशील, आणि वर्षातली निदान एक तालीम तारीख न सांगता, मधल्या सुट्टीत घ्यावी. यू-डायसमधल्या होय-नाहीच्या रकान्याशेजारी आराखडा शेवटचा कधी बदलला ती तारीख आणि त्या दिवशी हजर असलेल्या पालकांची संख्या मागता आली, तर पेन ड्राइव्हमधून येणारे समुद्राचे उधाण निम्म्याने तरी ओसरेल.

शाळा हेच निवारा केंद्र असते ही गोष्टही आराखड्यातून सुटते. २०१९ मध्ये आमच्या भागातल्या उंचावरच्या शाळांत पूरग्रस्त कुटुंबे आठवडाभर आणि त्याहून अधिक काळ राहिली, आवारात जनावरे बांधलेली होती, आणि कोणाला त्याची तक्रार नव्हती. प्रश्न नंतरचा असतो. स्वच्छतागृहांची सफाई कोण करणार, वर्ग केव्हा सुरू होणार, बाकांची आणि पाण्याच्या टाकीची दुरुस्ती कोणत्या निधीतून, हे आधी ठरलेले नसते आणि मुलांचा महिना त्यात जातो. जनरल रजिस्टरे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दाखल-खारिज नोंदींची पुस्तके, वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या झाकणबंद पिंपात ठेवण्याची सूचना मी इथेच करतो, कारण पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या माणसाचा नातू जातीच्या दाखल्यासाठी त्याच भिजक्या पानापाशी येऊन उभा राहतो.

खर्चाचा मुद्दा निघेल म्हणून लिहितो. इमारतींच्या दुरुस्तीला पैसा लागतो आणि तो द्यावाच लागेल, त्याला पर्याय नाही. पण नावांची यादी, दुसरी किल्ली, सहीची वही, पुलावरचा पट्टा आणि फेरीचा बदललेला मार्ग यांना जो खर्च येतो तो कोणत्याही शाळेच्या सादिलातून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, भागतो.

आमच्या शाळेतला तो रुळाचा तुकडा अडगळीच्या खोलीत अजून आहे, मी गेल्या आठवड्यात पाहून आलो. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी शाळा सुरू होण्यापूर्वी तो पूर्वीच्या जागी टांगण्याचे मान्य केले आहे. त्याला लागणारा हातोडा मी माझ्या घरून देणार आहे. ओढ्याच्या पुलावर पट्टा रंगवण्यासाठी मात्र कोणाची परवानगी लागते हे ग्रामपंचायतीलाही सांगता आलेले नाही, आणि जून तोंडावर आला आहे, म्हणून तेवढे उत्तर आपल्याकडून लवकर यावे ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक
कृष्णाकाठ, जि. सांगली